रांगेत उभे राहून आणखी रांगा लावणारे सॉफ्टवेअर

१/ १९६४ साली मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत सीडीसी ३६०० हा संगणक आला. संशोधकाने पंचकार्डांचा गठ्ठा ऑपरेटरच्या स्वाधीन करायचा आणि पाळीची वाट पाहायची. काम रांगेत लावण्याचा अधिकार माणसाचा होता, प्रोग्रॅमचा नव्हे.

२/ पुढे रांग सांभाळणे शेड्युलरकडे गेले. सन मायक्रोसिस्टिम्सने २००० साली ग्रिडवेअर ही कंपनी विकत घेतली आणि २००१ मध्ये ग्रिड इंजिनचा सोर्स कोड खुला केला.

३/ त्याच २००० साली ऑक्सफर्डहून मेंदूच्या एमआरआय प्रतिमांचे विश्लेषण करणारे ‘एफएसएल’ प्रसिद्ध झाले. त्याच्या जुन्या आवृत्त्यांतील ‘एफएसएल_सब’ हा छोटा प्रोग्रॅम ‘एसजीई_रूट’ हे चल पाहतो. ते आढळले, की येथे ग्रिड इंजिन आहे असे समजून तो कामाचे तुकडे स्वतःच रांगेत धाडतो.

४/ सोय मोठी, पण गोम येथेच आहे. संशोधकाची स्क्रिप्ट आधीच रांगेतून जागा मिळवून चालत असते. तिच्या पोटातून आणखी कामे बाहेर पडतात. आज्ञा तत्काळ परतते, स्क्रिप्ट पुढे सरकते आणि हवी ती फाइल अद्याप तयारच नसते. मूळ काम थांबून राहिले, तर संकट अधिक गंभीर. जालन्याच्या मोंढ्यात काट्यावर चढलेल्या गाडीने मागच्या गाड्यांचे माप झाल्याशिवाय उतरणार नाही असा हट्ट धरावा, तसे ते जागा अडवून बसते. अशा कामांनी सर्व जागा व्यापल्या, की कोणीच हलत नाही.

५/ उपाय साधा: स्क्रिप्टच्या आरंभीच ते चल काढून टाकावे. आरंभीच, म्हणजे काम सुरू झाल्यावर. कारण ग्रिड इंजिन प्रत्येक कामात ते पुन्हा ठेवते. मग सर्व पायऱ्या जागच्या जागी, एकामागून एक चालतात. एफएसएलच्या कर्त्यांनीही ‘एफएसएलसबऑलरेडीरन’ ही खूण ठेवली होती. मात्र एफएसएल_सबने स्वतः धाडलेल्या कामांवरच ती आपोआप लागते. काम हाताने धाडणाऱ्याने ती स्वतः लावायची.

६/ पुण्याच्या आयसरमध्ये २०१९ साली ‘परम ब्रह्म’ उभा राहिला. त्यावर रांग स्लर्म सांभाळतो, त्यामुळे एसजीई_रूटचा प्रश्न तेथे उद्भवत नाही. नव्या एफएसएल_सबमध्ये हा निर्णय संरचना-फाइलमध्ये लिहिलेला असतो: पद्धत म्हणून ‘शेल’ नोंदवले, की तो रांगेकडे फिरकत नाही.