खगोलछायाचित्रणातील यूएसबी जोडणी
दुर्बिणीवरचा मुख्य कॅमेरा, गाइड कॅमेरा, दुर्बीण फिरवणारा माउंट, फोकसर आणि फिल्टर व्हील एकाच संगणकाला यूएसबीने जोडून रात्रभर अखंड चालती ठेवण्याची व्यवस्था.

नाशिकच्या सातपुरात ही जोडणी जास्त किचकट होते, ती तिथल्या आकाशामुळे. एमआयडीसीच्या कारखान्यांचे आणि शहराचे दिवे आकाश उजळून टाकतात. गच्चीवरून तेजोमेघ टिपायचा, तर हायड्रोजनच्या 656.3 नॅनोमीटर प्रकाशापुरता अरुंद फिल्टर लावून पाच-पाच मिनिटांची चित्रे घ्यावी लागतात. तेवढ्या वेळात तारा सरकू नये म्हणून गाइड कॅमेऱ्याच्या आधारे माउंटला सतत दुरुस्ती द्यावी लागते. शहराबाहेर अंजनेरीकडच्या काळोखात साधी लेन्स आणि छोटा माउंट यांवर भागते. सातपुरात उपकरणे वाढतात आणि केबलीही.

वेगाची चिंता बहुधा अनाठायी असते. 2.6 कोटी पिक्सेलचे 16 बिटांचे चित्र 52 मेगाबाइटांचे होते; सेकंदाला 480 मेगाबिट वेगाच्या यूएसबी 2.0 वरूनही (2000) ते दोनेक सेकंदांत उतरते. गुरू-शनीचे व्हिडिओ घेताना मात्र 5 गिगाबिटांचे 3.0 (2008) हवेच.

खरी अडचण विजेची. 2.0 चा पोर्ट 500 मिलिअँपिअर देतो, 3.0 चा 900. एका पोर्टवर अनेक उपकरणे जोडणारा, पण स्वतःचा अ‍ॅडॉप्टर नसलेला चार पोर्टांचा 2.0 हब तेवढ्यातच सगळ्यांची वाटणी करतो. एकेकाला जेमतेम 100 मिळतात. यूएसबीच्याच विजेवरच्या फोकसरची मोटर फिरली की व्होल्टेज पडते आणि गाइड कॅमेरा संगणकाला दिसेनासा होतो. म्हणून 12 व्होल्टवर चालणारा हब घ्यावा. इथे काटकसर करू नये.

केबल 2.0 साठी पाच मीटरपर्यंत, 3.0 साठी तीनपर्यंतच भरवशाची. गच्चीवरून खालच्या खोलीत ती पोचत नाही, म्हणून छोटा संगणक दुर्बिणीवरच बसवून वाय-फायने चालवतात. पण 3.0 च्या केबलींतून 2.4 गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात गोंगाट पसरतो आणि वाय-फाय अडखळते. 5 गिगाहर्ट्झचा पट्टा वापरल्यास हा त्रास टळतो.

माउंटची केबल सर्वांत जपून निवडावी. अनेक माउंटांना 5 व्होल्टचे संकेत लागतात, तर आरएस-232 प्रकारच्या सिरियल केबलीत त्याहून जास्त, तेही धन-ऋण व्होल्टेज येते. प्लग बसला म्हणून ती लावली, तर माउंटचे सर्किट जळू शकते. माउंटच्या केबलीतल्या स्वस्त यूएसबी-सिरियल चिपांना बहुधा अनुक्रमांक नसतो. पोर्ट बदलला की विंडोज नवा कॉम (सिरियल पोर्ट) क्रमांक देते आणि माउंट सापडत नाही. प्रत्येक केबलीवर तिच्या पोर्टची चिठ्ठी चिकटवणे हा यावरचा सोपा उपाय.