फळीवरची गादी

मोटारीत हाकणाऱ्याच्या समोर जी आडवी फळी असते, जिच्यावर वेगाचा काटा, पेट्रोलचा काटा आणि रेडिओ बसवलेले असतात, तिला आपण सारे डॅशबोर्ड म्हणतो. हे नाव मोटारीच्याही आधीचे आहे. घोड्यांच्या टापांनी उडणारा चिखल आत बसलेल्यांच्या अंगावर येऊ नये म्हणून घोडागाडीच्या पुढच्या अंगाला लाकडाची किंवा चामड्याची एक आड लावीत. ‘डॅश’ म्हणजे जोराने आदळणे. चिखल येऊन आदळायचा, म्हणून तो डॅशबोर्ड. पुढे घोडे गेले, इंजिन आले. फळी मात्र टिकली आणि तिचे नावही टिकले. पण विसाव्या शतकात त्या नावाला निराळाच अर्थ आला. फळीवर आता चिखलाऐवजी माणसे आदळू लागली.

मोटार ताशी तीस मैलांनी धावत असली, की तिच्यात बसलेला माणूसही तीस मैलांनीच धावत असतो. गाडी झाडावर आपटून थांबते. माणूस थांबत नाही. समोर जे येईल त्यावर जाऊन थडकेल तेव्हाच तो थांबायचा. १९३०च्या सुमाराला अमेरिकन मोटारीत समोर काय होते? पोलादी पत्रा, त्याची धार आणि त्यातून खुंट्यांसारख्या पुढे आलेल्या मुठी. कमरेला पट्टा नाही. हाकणाऱ्याच्या हाती निदान चक्र तरी असे. शेजारच्या माणसाला कशाचाच आधार नसे.

डेट्रॉइट हे अमेरिकेच्या मोटारधंद्याचे माहेरघर. तिथेच डॉ. क्लेअर स्ट्रेथ हे शस्त्रवैद्य फुटलेले चेहरे पुन्हा घडवण्याचे काम करीत. कपाळे, नाके, जबडे यांच्या जखमा शिवता शिवता त्यांच्या ध्यानात आले, की यांतल्या कितीतरी जखमा त्या फळीनेच केलेल्या आहेत. टाके घालीत बसण्यापेक्षा फळीलाच आवर घालावा, असे त्यांनी मनावर घेतले. स्वतःच्या मोटारीत त्यांनी फळीवर गादी बसवून घेतली आणि कारखानदारांच्या मागे लकडा लावला. वॉल्टर क्रायस्लर यांनी त्यांचे थोडेफार ऐकले. १९३७ सालच्या त्यांच्या मोटारींत फळीवरच्या मुठी आत दबवलेल्या होत्या आणि पुढच्या बैठकीच्या पाठीलाही गादी आली होती. फळी मात्र पत्र्याचीच राहिली. याच क्रायस्लर कंपनीशी करार करून वालचंद हिराचंद यांच्या प्रीमियर कारखान्याने १९४७ पासून कुर्ल्याला डॉज, डिसोटो आणि प्लिमथ गाड्या जोडायला घेतल्या. त्या काळच्या प्लिमथमध्ये ज्यांनी बसून पाहिले असेल, त्यांना तो रंगवलेला, चकचकीत, थंडगार पत्रा आठवत असेल.

गादीने असे होते तरी काय? १९४२ साली ह्यू डिहेवन या संशोधकाने पन्नास ते दीडशे फुटांवरून पडूनही वाचलेल्या माणसांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्याचे सार आपल्या आजीबाईलाही पटेल असे आहे. माणूस किती उंचावरून पडला यापेक्षा तो कशावर पडला आणि थांबताना त्याला किती जागा मिळाली, याला महत्त्व आहे. दोन इंच दबणारी गादी म्हणजे डोक्याला थांबण्यासाठी मिळालेली दोन इंच सवड. पत्रा तेवढी सवड देत नाही.

शहाणपण असे समोर आले, तरी ते गाडीत शिरायला वेळ लागला. १९४८ साली प्रेस्टन टकर यांनी शिकागोत जी मोटार काढली तिच्या फळीवर गादी होती. पण सगळ्या मिळून ५१ गाड्या झाल्या आणि कंपनी बुडाली. टकर यांच्यावर फसवणुकीचा खटला झाला; १९५० साली ते निर्दोष सुटले, पण कारखाना काही पुन्हा उभा राहिला नाही. १९५६ साली फोर्ड कंपनीने गादी देऊ केली, तीही जादा पैसे मोजणाऱ्यालाच. कमरेच्या पट्ट्यापेक्षा गादी मागणारे अधिक निघाले, हे मात्र खरे. तरीही त्या वर्षी शेवरोले गाड्या फोर्डपेक्षा जास्त खपल्या आणि सुरक्षितता दाखवून माल खपत नाही, अशी म्हण धंद्यात रूढ झाली.

जे गिऱ्हाइकाच्या मर्जीवर सोडले होते ते अखेर कायद्याने करून घ्यावे लागले. १९६५ साली राल्फ नेडर या तरुण वकिलाचे मोटारधंद्यावर कोरडे ओढणारे पुस्तक आले, आणि सप्टेंबर १९६६ मध्ये मोटारींच्या सुरक्षिततेचा कायदा झाला. त्याखालचा २०१ क्रमांकाचा नियम १ जानेवारी १९६८ पासून लागू झाला. साडेसहा इंच व्यासाचे, पंधरा पौंड वजनाचे एक नकली डोके ताशी १५ मैलांनी फळीवर आदळायचे. त्याला बसणारा रेटा गुरुत्वाच्या ८० पटींहून अधिक असेल, तर तो सेकंदाच्या तीन सहस्रांशांपेक्षा जास्त वेळ टिकता कामा नये. डॉ. स्ट्रेथ १९५८ सालीच वारले होते. हा दिवस त्यांना दिसला नाही.

ही गादी बनते कशी, हे दिवाळीच्या दिवसांत सांगायला सोपे. ती एक करंजीच आहे म्हणा ना! आत पॉलियुरेथेनच्या फेसाचे सारण. हा पदार्थ १९३७ साली जर्मनीत ऑटो बायर यांनी शोधला. वर व्हिनाइलची पारी. व्हिनाइल मुळात कडक. १९२६ साली अमेरिकेत वाल्डो सेमन यांनी त्यात तेलासारखे द्रव मुरवून ते मऊ करण्याची युक्ती काढली. त्या द्रवाच्या जोरावरच पारी लवते. पण तो द्रव पारीत कायमचा राहत नाही. बंद गाडी उन्हात तापली की तो हळूहळू उडतो आणि समोरच्या काचेवर आतून तेलकट धुके धरते, ते बरेचसे त्याचेच. करंज्या झाकायला विसरलात तर पारीचे जे होते तेच इथेही होते: ती सुकते, आकसते आणि जिथे भोक किंवा कोपरा असेल तिथून तडकते. भेगेतून खालचे सारण पिवळे पडून भुगा होऊन बाहेर येऊ लागते.

जुन्या मोटारींचे अमेरिकन शौकीन आज १९६० आणि १९७०च्या दशकांतल्या गाड्या दुरुस्त करतात, तेव्हा ही फुटकी गादी त्यांच्यापुढे हमखास येते. तिला तीन उपाय आहेत. भेगा थोड्या असतील तर कडा तिरक्या कापून, लवचीक लांबी भरून, घासून, कातड्यासारखे दाणे उठवून वर व्हिनाइलचा रंग द्यायचा. चकाकीसाठी पूर्वी सिलिकोनचे तेल चोळलेले असेल, तर ते आधी पुरते काढावे लागते. नाहीतर रंग धरत नाही. दुसरा उपाय स्वस्त आणि झटपट. प्लास्टिकची आयती पातळ टोपी मिळते, ती जुन्या गादीवर चिकटवायची. तिसरा खर्चाचा: बॅटरीची तार सोडवून, गादी उतरवून, ती पत्र्यापर्यंत सोलायची, गंज काढायचा, साच्यात नवा फेस भरायचा आणि गरम केलेले नवे व्हिनाइल हवा ओढून त्यावर घट्ट बसवायचे.

पाहणाऱ्याला या तिन्ही गाड्या सारख्याच देखण्या दिसतील. पण टोपीची पाठ कडक असते आणि तिच्याखाली भुगा झालेला फेस तसाच राहतो. लांबीने भेग बुजते. सुकून ताठ झालेली पारी त्याने पुन्हा लवत नाही. या दोन उपायांनी गाडीचे रूप १९६८चे होते आणि तिची फळी पुन्हा १९३०च्या वळणावर जाते. गाडी केवळ प्रदर्शनात उभी करायची असेल तर हरकत नाही. घरची माणसे तीत बसून फिरायला जाणार असतील, तर मालकाने बोटांनी गादी दाबून पाहावी. ती दबून पुन्हा वर येत नसेल, तर तिसऱ्या उपायाचा खर्च सोसावा आणि पट्टेही बसवून घ्यावेत. बाकी वस्तू जुन्या गाडीत शोभेसाठी राखल्या तरी चालतील. ही एक वस्तू एका वैद्याने शिवलेल्या चेहऱ्यांपायी मागितली होती आणि ती मिळायला तीस वर्षे लागली.