आईवर ठेवलेला आरोप : स्वमग्नतेच्या इतिहासातील एक प्रकरण

१/१०
मूल स्वमग्न झाले, कारण आईने त्याला माया लावली नाही. विसाव्या शतकाच्या मध्यावर अमेरिकेतील नामांकित तज्ज्ञ हे शास्त्र म्हणून सांगत होते. हा आरोप कसा उभा राहिला, कसा कोसळला आणि त्यानंतर वर्गात काय बदलले, याविषयीचा हा धागा.

२/१०
आधी शब्द. स्विस मनोविकारतज्ज्ञ ऑयगेन ब्लॉयलर यांनी १९११ च्या सुमारास ग्रीक ‘ऑटोस’, म्हणजे ‘स्वतः’, यावरून ‘ऑटिझम’ ही संज्ञा घडवली. तीही स्किझोफ्रेनियाच्या एका लक्षणासाठी. आपल्या ‘स्वमग्नता’ या प्रतिशब्दातही तोच ‘स्व’ उतरला आहे.

३/१०
१९४३ मध्ये बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयातील डॉ. लिओ कॅनर यांनी ११ मुलांचा वृत्तांत प्रसिद्ध केला : ८ मुलगे, ३ मुली. माणसांशी नाते जुळत नाही, नित्यक्रमातला बदल सोसवत नाही, पाठांतर मात्र विलक्षण. ही स्थिती जन्मजात असावी, असेच त्यांनी तेव्हा मानले होते.

४/१०
पण त्याच लेखात आणखी एक निरीक्षण होते : पालक बहुतेक उच्चशिक्षित, आणि त्यांत खऱ्या अर्थाने प्रेमळ असे थोडेच. १९४९ मध्ये कॅनर यांचा सूर अधिक कठोर झाला. ही मुले जणू शीतकपाटात ठेवली गेली, अशी उपमा त्यांनी दिली. पुढे ‘रेफ्रिजरेटर मदर’ हा शब्दप्रयोग रूढ झाला.

५/१०
इतिहासाच्या विद्यार्थ्याने इथे साधनचिकित्सा करावी. त्या काळी अशा प्रख्यात डॉक्टरांपर्यंत मूल नेणे कोणाला शक्य होते? ज्यांच्याकडे पैसा, शिक्षण आणि ओळख होती, त्यांना. दप्तरात कोणाची नोंद आहे, याआधी ती कोणाची होऊ शकत होती, हे विचारावे लागते. शिवाय थकलेल्या आईचा अबोलपणा हे कारण की परिणाम?

६/१०
डाखाउ आणि बुखेनवाल्ड या नाझी छळछावण्यांतून सुटून आलेले ब्रुनो बेटेलहाइम शिकागोत मुलांची निवासी शाळा चालवत. १९६७ च्या ‘द एम्प्टी फोर्ट्रेस’ या ग्रंथात त्यांनी स्वमग्न मुलाची अवस्था छावणीतील कैद्याशी ताडून पाहिली. या रूपकात पहारेकऱ्याच्या जागी कोण आले, हे उघड आहे. उपायही तसाच : मुलाला आईवडिलांपासून दूर ठेवणे.

७/१०
खरे तर उत्तर त्याआधीच आले होते, एका बापाकडून. बर्नार्ड रिमलँड हे अमेरिकी नौदलातील मानसशास्त्रज्ञ. त्यांचा मुलगा स्वमग्न. उपलब्ध संशोधन धुंडाळून त्यांनी १९६४ मध्ये ग्रंथ लिहिला : आईला दोषी ठरवणारा पुरावा नाही, मूळ जैविक आहे. प्रस्तावना खुद्द कॅनर यांची. पुढच्याच वर्षी पालकांची राष्ट्रीय संघटना उभी राहिली.

८/१०
१९६९ मध्ये याच संघटनेच्या सभेत कॅनर यांनी पालकांना जाहीरपणे दोषमुक्त केले. १९७७ मध्ये सुसान फोल्स्टीन आणि मायकेल रटर यांनी जुळ्यांच्या २१ जोड्यांचा अभ्यास मांडला. एकसारख्या जुळ्यांच्या ११ पैकी ४ जोड्यांत दोन्ही भावंडे स्वमग्न. भिन्न जुळ्यांच्या १० जोड्यांत अशी एकही नाही. आई तर प्रत्येक जोडीत दोघांची एकच होती. फरक आनुवंशिकतेचा होता.

९/१०
आरोपी मानलेले पालक आता सहकारी झाले. एरिक शॉप्लर यांनी नॉर्थ कॅरोलायनात त्यांना उपचारात बरोबरीने सामील केले. १९७२ मध्ये तो राज्याचा अधिकृत कार्यक्रम झाला. अनेक स्वमग्न मुलांना ऐकलेल्यापेक्षा पाहिलेले लवकर उमगते. म्हणून दिवसाचा क्रम चित्रांत मांडायचा, कामाची जागा आखून द्यायची, काम कुठे संपते ते डोळ्यांना दिसू द्यायचे. आधी वर्गाने मुलाला समजून घ्यायचे.

१०/१०
भारतात १९९९ चा राष्ट्रीय न्यास कायदा आणि २०१६ चा दिव्यांग हक्क कायदा, दोहोंत स्वमग्नतेचा स्पष्ट उल्लेख आहे. आईची उलटतपासणी मात्र घरोघरच्या बैठकीत अजून चालू असते. पुढच्या वेळी कोणी ‘आईचेच लक्ष नसेल’ म्हणाले, तर एवढेच सांगावे : हा आरोप जुना आहे, आणि ज्यांच्या लेखणीने त्याला बळ दिले, त्यांनीच तो १९६९ मध्ये मागे घेतला.