रोग्याची कबुली आणि वैद्याचें मौन

वैद्यापासून आजार लपवूं नये, हा उपदेश घरोघरचीं वडील माणसें करीत आलीं आहेत. परंतु रोग्यानें सांगितलेलें वैद्यानें कोणापाशीं बोलूं नये, या दुसऱ्या उपदेशाची आठवण तितक्या आग्रहानें कोणी करून देत नाहीं. वस्तुतः हीं एकाच करारांतील दोन कलमें होत. ज्या मनुष्यानें मागें कधीं अफू, गांजा अथवा तत्सम मादक पदार्थाचें सेवन केलें आहे, त्याच्या बाबतींत तर पहिलें कलम दुसऱ्यावांचून उभेंच राहूं शकत नाहीं. आपल्याकडे या कराराचा इतिहास कसा घडला, हें पाहणें म्हणूनच उद्बोधक आहे.

चरकसंहितेच्या सूत्रस्थानांत चिकित्सेचे चार पाय सांगितले आहेत: वैद्य, औषध, परिचारक आणि रोगी. त्यांपैकीं रोग्याच्या अंगीं जे गुण असावेत म्हणून वर्णिले आहेत, त्यांत स्मरणशक्ति व वैद्याच्या आज्ञेचें पालन यांबरोबरच निर्भयता आणि आपल्या रोगाची हकीकत सांगण्याची पात्रता हेही आहेत. निर्भयता आणि निवेदन यांची अशी सांगड घातली, यांत मोठें मर्म आहे; कारण भ्यालेला रोगी अर्धीच हकीकत सांगतो. त्याच संहितेच्या विमानस्थानांत शिष्याला दीक्षा देतेवेळीं जे नियम घालून दिले आहेत, त्यांत रोग्याच्या घरांतील गोष्ट बाहेर फोडूं नये, असा स्पष्ट दंडक आहे. ग्रीस देशांत हिप्पोक्रेटीसच्या नांवानें प्रसिद्ध असलेल्या शपथेचाही आशय याहून निराळा नाहीं. शिवाय रोग्याच्या अंगवळणीं काय पडलें आहे, ज्यास शास्त्रांत सात्म्य म्हणतात, तें तपासावें, असें चरक सांगतो; आणि अंगवळणीं पडलेली अपथ्यकर वस्तु एकदम न तोडतां चौथाई-चौथाईनें सोडवावी, असा क्रमही देतो. ही चौथाई मोजावयाची तर मूळ मात्रा कळली पाहिजे. आणि ती रोग्यावांचून दुसरें कोण सांगणार?

चरकाच्या ग्रंथांत अफू नाहीं. अहिफेन या नांवानें ती मध्ययुगांत आयुर्वेदांत आली आणि शार्ङ्गधरसंहितेंत तिचा उल्लेख सांपडतो. पुढें ती घरगुती औषध होऊन बसली; अतिसार, खोकला, सांधेदुखी यांवर आजीबाईच्या बटव्यांतून तिची गोळी निघूं लागली. एकोणिसाव्या शतकांत माळव्याची अफू मुंबई बंदरांतून चीनकडे रवाना होई, आणि देशांत १८७८ च्या अफूच्या कायद्याखालीं परवान्याच्या दुकानांतून ती उघडपणें विकली जाई. लॉर्ड ब्रॅसी यांच्या अध्यक्षतेखालीं १८९३ सालीं नेमलेल्या रॉयल कमिशननें १८९५ सालीं अहवाल दिला, त्यांतही औषधाव्यतिरिक्त सेवनास सरसकट बंदी करावी, असें सुचविलें नाहीं. म्हणजे त्या काळीं अफू खाणाऱ्यास तुरुंगाचें भय नव्हतें. भय होतें तें चारचौघांतील नामुष्कीचें.

ही चाल किती खोलवर गेली होती, याची साक्ष मुंबईच्या गिरणगांवानें दिली. कामावर जाणाऱ्या आया, मूल दिवसभर निजून राहावें म्हणून, त्यास बाळागोळी चारीत. तिच्यांत अफू असे. गिरणीकामगार स्त्रियांच्या बाळंतपणाच्या परिस्थितीची चौकशी करण्याकरितां मुंबई सरकारनें १९२२ च्या सुमारास नेमलेल्या डॉ. बार्न्स या स्त्री-डॉक्टरांनीं, या स्त्रियांच्या शेकडा ९८ अर्भकांस अफू दिली जाते, असें नमूद केलें. अर्भकास बोलतां येत नाहीं. त्याच्या वतीनें आईनेंच सांगावयाचें. परंतु आपल्यास दोष दिला जाईल या धास्तीनें ती गप्प राहिली, तर सुस्त पडलेल्या व दूध न ओढणाऱ्या बालकास पाहून डॉक्टरनें दुसराच एखादा रोग ठरवावा, यांत नवल तें काय?

मौनाचें मोल मोठ्या माणसांसही द्यावें लागतें. अफू व तिच्यापासून निघणारीं द्रव्यें वेदना दडपतात, आंतड्यांची हालचाल मंदावतात आणि श्वासाची गति उतरवितात. सवयीच्या माणसास शस्त्रक्रियेनंतर वेदनाशामकाची नेहमींची मात्रा अपुरी पडते. उलट झोपेचीं औषधें अथवा मद्य यांच्याशीं तिचा संयोग झाल्यास श्वास थांबण्याचें भय असतें. दवाखान्यांत पडून राहिल्यामुळें सवय अकस्मात् तुटली, म्हणजे ओकाऱ्या, जुलाब, घाम, अंगदुखी आणि विलक्षण तळमळ सुरू होते. डॉक्टरास पूर्वेतिहास ठाऊक नसेल, तर तो पोटाच्या दुसऱ्याच विकाराचा शोध घेत बसतो. व्यसन सुटून कांहीं महिने लोटले असले, तरीही तें सांगणें अवश्य आहे. कारण देहाची सोसण्याची शक्ति मधल्या काळांत ओसरलेली असते आणि एके काळीं सहज पचलेली मात्रा आतां प्राणघातक ठरूं शकते. सुईनें टोचून घेण्याची संवय असेल, तर यकृताला सूज आणणाऱ्या विषाणूंची व एच्.आय्.व्ही.ची तपासणीही करावी लागते.

इतकें असतांही माणसें लपवितात, याचें एक कारण कायद्याच्या बदलत्या वृत्तींत आहे. स्वातंत्र्यानंतर अफूची औषधाव्यतिरिक्त विक्री क्रमाक्रमानें घटवीत १ एप्रिल १९५९ पासून ती बंद करण्यांत आली. वैद्यकीय कारणावरून नोंदल्या गेलेल्या जुन्या सेवनकर्त्यांचाच तेवढा अपवाद राहिला. जी गोष्ट पूर्वीं घरांतील चार माणसांस ठाऊक असे, ती अशा रीतीनें सरकारी नोंदवहींत गेली. पुढें १९८५ च्या गुंगीकारक औषधिद्रव्यांच्या कायद्यानें १८७८ चा कायदा रद्द केला आणि अशा द्रव्यांचें सेवन हाच दंडनीय अपराध ठरविला. बीड जिल्ह्यांतील गेवराई तालुक्याचें तलवाडा हें त्वरितादेवीचें गांव घ्या. १९४८ पर्यंत तें निजामाच्या हैदराबाद संस्थानांत होतें आणि तेथील अबकारी खातें निराळें होतें. १९५६ सालीं तें मुंबई राज्यांत आलें आणि १९६० सालीं महाराष्ट्रांत. अशा गांवच्या वृद्धानें एका हयातींत किती राजवटींचे नियम पाहिले! आजोबांची जी संवय होती, ती नातवाचा गुन्हा झाली. आणि गुपिताचें ओझें त्या मानानें वाढलें.

उलट, गुपित राखण्याच्या वचनास मात्र कायद्याचा आधार फार उशिरां मिळाला. इंग्लंडांत १७७६ सालीं किंग्स्टनच्या डचेसवरील खटल्यांत, रोग्याचें गुपित हें न्यायालयापुढें साक्ष टाळण्याचें कारण होऊं शकत नाहीं, असा निर्णय लॉर्ड मॅन्सफील्ड यांनीं दिला. तोच दृष्टिकोन १८७२ च्या आपल्या पुराव्याच्या कायद्यांत उतरला: वकिलास अशिलाचें बोलणें गुप्त राखण्याचें संरक्षण मिळालें, डॉक्टरास मिळालें नाहीं, आणि १ जुलै २०२४ पासून अंमलांत आलेल्या नव्या पुरावा-कायद्यानेंही तें दिलेलें नाहीं. १९१२ च्या मुंबई वैद्यक कायद्यानें डॉक्टरांची नोंदणी व त्यांच्या वर्तनावर देखरेख सुरू झाली. वैद्यक परिषदेच्या २००२ च्या नियमांनीं रोग्याचें गुपित फोडणें हें गैरवर्तन ठरविलें आणि अपवाद तीनच ठेवले: न्यायाधीशाची आज्ञा, एखाद्या विशिष्ट व्यक्तीस वा समाजास असलेला गंभीर धोका, आणि कळविणें सक्तीचें असलेले रोग. पूर्वीं केलेलें व्यसन शेजाऱ्यापाजाऱ्यांस, मालकास किंवा सोयरिकीच्या मंडळींस कळविणें यांपैकीं कोणत्याही अपवादांत सहसा बसत नाहीं.

१९८० नंतरच्या दशकांत मुंबई-पुण्याकडे गर्द पसरला आणि सुशिक्षित कुटुंबांसही हा प्रश्न स्वतःच्या उंबरठ्याआंत दिसूं लागला. अनिल अवचट यांनीं या विषयावर लिहून समाजास जागें केलें, आणि डॉ. अनिता अवचट यांनीं, पु. ल. व सुनीता देशपांडे यांच्या साहाय्यानें, २९ ऑगस्ट १९८६ रोजीं पुण्यांत मुक्तांगण हें व्यसनमुक्ति-केंद्र सुरू केलें. व्यसनी माणूस हा रोगी आहे, ही भूमिका त्यांनीं कृतीनें रुजविली. कायदाही हळूहळू तिकडे वळला. १९८९ च्या दुरुस्तीनें, स्वतः होऊन उपचार घेणाऱ्या व्यसनी माणसास ठराविक मर्यादेंत खटल्यापासून सूट दिली. २००१ सालीं त्या तरतुदींत सुधारणा झाली. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानें मद्य व मादक द्रव्यांच्या दुरुपयोगाशीं निगडित विकार आपल्या कक्षेंत घेतले आणि अशा रोग्यास त्याची माहिती गुप्त राखली जाण्याचा हक्क दिला. चरकानें जें शिष्याच्या व्रतांत घातलें होतें, तें अशा रीतीनें रोग्याच्या हक्कांत आलें.

तथापि हक्क कागदावर असला, तरी त्याची कसोटी दवाखान्याच्या खोलींत लागते. लहान गांवीं डॉक्टर रोग्याच्या बापाला ओळखतो, कंपाउंडर भावकींतला असतो, आणि पडद्यापलीकडे बाकावर बसलेल्यांचे कान उघडे असतात. उलट ऊंसतोडीसाठीं बीड जिल्ह्यांतून घाटाखालीं वा परप्रांतीं जाणाऱ्या कुटुंबास जो डॉक्टर भेटतो, तो सर्वस्वी अनोळखी; त्याच्याजवळ रोग्याच्या शब्दापलीकडे कांहींच आधार नसतो. एकीकडे ओळखीची अडचण, दुसरीकडे अनोळखीपणाची. दोहींवर उपाय एकच. रोग्यानें डॉक्टराशीं एकांतांत बोलावयाचें आहे असें निःसंकोच म्हणावें. कोणतें द्रव्य, किती, किती काळ आणि शेवटचें केव्हां, एवढें नेमकें सांगावें. आणि हें कोठें लिहिलें जाणार व कोण वाचणार, हेंही विचारावें. डॉक्टरानेंही न विचारतां दार लोटून घ्यावें. घरच्या मंडळींनीं तें दार उघडण्याची घाई करूं नये. ज्या घरांत कबुलीस शिव्याशाप मिळतात, तेथें पुढची कबुली मिळत नाहीं. आणि न मिळालेल्या कबुलीची किंमत बहुधा प्राणांनीं द्यावी लागते.