शिंपी अध्यक्ष आणि चाळीस एकर

गुलामी मोडणारा अध्यक्ष म्हणून लिंकन आपल्या सगळ्यांना ठाऊक आहे. त्याच्या जागी जो बसला त्याचं नाव कुणी घेत नाही. मी घेणार आहे. कारण सुटका झालेल्या काळ्यांच्या हातातली जमीन कशी गेली, हे त्याच्याशिवाय समजत नाही.

१५ एप्रिल १८६५ ला लिंकन गेला आणि उपाध्यक्ष अँड्र्यू जॉन्सन गादीवर आला. गरीब गोऱ्याचं पोर. शाळेचं तोंड पाहिलं नाही. शिंप्याच्या दुकानात उमेदवारी केली, तिथून पळाला, टेनेसीत कपडे शिवता शिवता राजकारणात शिरला. बड्या जमीनदारांवर त्याचा दात. १८६४ साली नॅशव्हिलला काळ्यांपुढं त्यानं सांगितलेलं, मी तुमचा मोझेस होईन. रिपब्लिकन पक्षातल्या जहालांना वाटलं, हा आता जमीनदारांची हाडं मोडणार.

झालं उलटंच. २९ मे ला त्यानं बंडखोरांना माफी जाहीर केली. २०,००० डॉलरवर मालमत्ता असलेल्यांनी तेवढा वेगळा अर्ज करायचा. मग काय, कालचे मालक दारात रांग लावून उभे, आणि हा माफ्या वाटत सुटला. माफीबरोबर जमीनही परत. त्याच जानेवारीत जनरल शर्मननं साऊथ कॅरोलिना, जॉर्जियाच्या किनाऱ्यावर काळ्या कुटुंबांना चाळीस-चाळीस एकरांपर्यंत तुकडे द्यायचा हुकूम काढला होता. सुमारे ४०,००० माणसं तिथं कसत होती. ऑक्टोबरात जनरल हॉवर्डला एडिस्टो बेटावर धाडलं, जमीन सोडा म्हणून सांगायला. त्या लोकांनी अध्यक्षाला अर्ज लिहिला, की आम्ही सरकारशी इमान राखलं, आम्हाला घरापुरती तरी जमीन ठेवा. ऐकतो कोण?

इकडं मिसिसिपीनं कायदे केले. काळ्याकडं वर्षाच्या मजुरीचा कागद नसला तर तो भटक्या. दंड. दंड भरता येत नसेल तर भरणाऱ्याकडं राबायचं. शहराबाहेर जमीन खंडानं घ्यायलासुद्धा बंदी. नाव बदललं, वेठ तीच.

फेब्रुवारी १८६६ पासून अध्यक्ष आणि काँग्रेस यांची जुंपली. मुक्त गुलामांच्या मदतीचं बिल त्यानं नाकारलं. मार्चमध्ये नागरी हक्कांचं बिल नाकारलं. कारण काय दिलं? यात काळ्यांना झुकतं माप मिळतं, गोऱ्यांवर अन्याय होतो! दोस्तहो, हा सूर ओळखीचा वाटतो ना? ९ एप्रिलला काँग्रेसनं त्याच्या नाकावर टिच्चून ते बिल पास केलं. त्याचं मोल मी कमी करत नाही. पुढं १८६७ मध्ये दक्षिणेत काळ्यांना मत मिळालं, ते याच भांडणातून.

पण भांडण हळूहळू माणसाच्या वागण्यावर सरकलं. उपाध्यक्षपदाची शपथ घेताना तो दारू पिऊन आलेला. भर सभेत त्यानं स्टीव्हन्स, समनर यांना नावानिशी देशद्रोही ठरवलं. १८६६ च्या दौऱ्यात गर्दीशी शिवीगाळीवर आला. त्याच्या बाजूचे म्हणत, हा राज्यघटनेचा राखणदार. विरोधक म्हणत, हा त्या खुर्चीला शोभत नाही. १८६८ मध्ये युद्धमंत्री स्टँटनला काढल्यावरून महाभियोग आला. ११ आरोप. दहावा तर त्याच्या भाषणांबद्दलच. ३५ विरुद्ध १९, एका मतानं तो सुटला.

त्या ११ आरोपांत चाळीस एकरांचा शब्द नाही. मालकांची जमीन जप्त करून मुक्त गुलामांत वाटा, हे थॅडियस स्टीव्हन्स १८६५ पासून सांगत होता. त्याच्याच पक्षानं ते उचललं नाही. मालमत्तेला हात लावायचा म्हटल्यावर उत्तरेतले कारखानदारही बिचकले. ऑगस्ट १८६८ मध्ये स्टीव्हन्स मेला. १८७७ मध्ये दक्षिणेतल्या सरकारांचा लष्करी आधार काढून घेतला. मत होतं, पण पोट मालकाच्या शेतावर. असलं मत किती दिवस टिकणार? धाक, कर आणि परीक्षा लावून तेही काढून घेतलं.

१८७३ साली जोतीरावांनी 'गुलामगिरी' अमेरिकेतल्या सज्जनांना अर्पण केली, गुलामी मोडली म्हणून. ते रास्तच होतं. पण तोवर किनाऱ्यावरची बहुतेक जमीन जुन्या मालकांच्या घरात जाऊन बसली होती.

म्हणून मला त्या दारूचं आणि शिव्यांचं फार कौतुक नाही. जॉन्सन गोड बोलला असता तरी एडिस्टोची जमीन गेलीच असती. आणि तो गरिबीतून वर आला, याचा गरीब काळ्याला काडीचा उपयोग झाला नाही. नवा राजा आला की त्याची जात, भाषा, रुबाब यावर लोक बोलतात. आपण आधी सातबारा बघावा.