मुक्त लेख आणि त्याचा शोध
मुक्त प्रवेशाचा इतिहास बहुधा २००२ च्या बुडापेस्ट घोषणेपासून सांगितला जातो. तथापि लेख विनामूल्य ठेवणे आणि तो जिज्ञासूस सापडणे या भिन्न गोष्टी होत. दुसरीचा विचार १९९९ मध्ये सांता फे येथील बैठकीत झाला; त्यातून २००१ मध्ये सिद्ध झालेल्या नियमसंचामुळे विखुरलेल्या संग्रहांतील नोंदी एकत्र वेचता येऊ लागल्या. २०१७ मध्ये आलेले ‘अनपेवॉल’ लेखाच्या डीओआय क्रमांकावरून त्याची मुक्त प्रत दाखवते. मराठी लेखास मात्र पुष्कळदा असा क्रमांकच नसतो. लेखकाचे नावही रोमन लिपीत अनेक परींनी लिहिले जाते. म्हणून शीर्षक व नाव दोन्ही लिप्यांत आणि सारांश इंग्रजीतही नोंदविणे अगत्याचे ठरते. या नोंदीवाचून अन्यभाषक तौलनिक अभ्यासकाच्या लेखी तो लेख मुक्त असूनही अप्रकाशितच राहतो.