मुक्कामाचा रस्ता



स्मरणिकेत शाळेच्या आठवणी बरेच जण लिहितील. मी संगणकाच्या धंद्यातली बाई, इतिहासाची अभ्यासक नव्हे. तरी आपल्या गावावरून जाणाऱ्या रस्त्याबद्दल चार गोष्टी लिहाव्यात असे वाटले. लढायांबद्दल आपण पुस्तकात वाचले. मला लिहायचे आहे ते मुक्कामांबद्दल.

शिरवळच्या उत्तरेला नीरा, दक्षिणेला खंबाटकीचा घाट. नदीपलीकडे सारोळा म्हणजे पुणे जिल्हा, अलीकडे आपण साताऱ्यात. पूल नव्हते तेव्हा नदी फुगली की थांबायचे, घाट चढण्याआधी बैलांना विसावा द्यायचा, हे ठरलेलेच. थांबायचे म्हटले की पाणी, वैरण, सरपण आणि रात्रीपुरता आडोसा लागतो, आणि तो कोणाच्या तरी शब्दावरच मिळतो. आपल्या डोंगरातली बौद्ध लेणी हे त्याचे सर्वांत जुने उदाहरण. एरवी फिरणारे भिक्खू पावसाळ्यात एका जागी वर्षावास करीत आणि भिक्षेसाठी जवळच्या वस्तीत जात. म्हणजे वाटसरू आणि गावकरी यांची ओळख इथे शिवकाळाच्याही कितीतरी आधीची आहे. सुभानमंगळ आपल्याला ठाऊक आहे तो १६४८ च्या लढाईमुळे: फत्तेखानाच्या स्वारीत तो आदिलशाही फौजेकडे गेला आणि कावजी मल्हारांच्या तुकडीने परत घेतला. पण नदीकाठी गढी बांधावी असे कोणाला वाटले, याचे कारणही हाच रस्ता.

या रस्त्यावरचा एक जुना प्रवास आजही चालू आहे. एकोणिसाव्या शतकात सातारा जिल्ह्यातील आरफळच्या हैबतबाबांनी ज्ञानेश्वर माउलींच्या पालखी सोहळ्याला आजचे शिस्तबद्ध रूप दिले. त्यासाठी घोडे आणि तंबू दिले ते बेळगाव जिल्ह्यातील अंकलीच्या शितोळे सरदारांनी. ते अश्व आजही दरवर्षी अंकलीहून पायी आळंदीला जातात. वाट सुमारे ३०० किलोमीटर, दिवस दहा-अकरा. मिरज, सांगलवाडी, पेठनाका, वहागाव, भरतगाव, भुईंज, सारोळा असे मुक्काम होतात. भुईंज ते सारोळा या टप्प्यात खंबाटकी येते, खंडाळा येते आणि आपले शिरवळही. एका घोड्यावर स्वार असतो, दुसरा माउलींचा, म्हणून त्याची पाठ मोकळी.

पालखी आपल्या गावावरून जात नाही. ती नीरा गावाजवळ नदी ओलांडून आपल्याच तालुक्यातल्या लोणंदला मुक्कामाला येते. तिथे दिंड्यांचे ट्रक पाहिले आहेत ना? भांडी, शिधा, तंबू, गॅसची शेगडी, सगळा संसार चाकांवर. तरीही वर्षानुवर्षे तीच दिंडी त्याच घराच्या अंगणात उतरते. संसार बरोबर असला, तरी उतरायला अंगण लागतेच.

चाकांवरचे घर ही कल्पना साहेबांच्या देशात हौसेची झाली ती १८८५ मध्ये. गॉर्डन स्टेबल्स नावाच्या निवृत्त नौदल डॉक्टरने ब्रिस्टलच्या कारखान्यातून 'वाँडरर' नावाची घोड्यांची गाडी बांधून घेतली आणि तो देश फिरला. आत झोपायची, स्वयंपाकाची सोय होती. तरी त्याचा नोकर तीनचाकी सायकलवर पुढे जायचा आणि पुढची वाट पाहून ठेवायचा. १९०७ मध्ये तिथे अशा हौशी लोकांचा कॅराव्हॅन क्लब निघाला. आपल्या राज्य सरकारने कॅराव्हॅन पर्यटनाचे धोरण २०२१ मध्ये मंजूर केले.

गेल्या थंडीत आम्ही चौघे अशीच भाड्याची गाडी घेऊन पुण्याहून सांगलीकडे निघालो. कराडच्या पुढे एका रसवंतीवर एका कुटुंबाशी गप्पा झाल्या. निघताना त्या काकू म्हणाल्या, "रात्री हायवेला कुठं गाडी लावताय? आमच्या खळ्यात लावा की." आमच्या गाडीत शेगडी, पलंग, पाण्याची टाकी सगळे होते, पण जेवलो त्यांच्याच ओसरीवर. मी शिरवळची म्हटल्यावर घरातले आजोबा सावरून बसले. तरुणपणी ते बैलगाडीतून जेजुरीला जात, तेव्हा शिरवळला नीरेकाठी गाडी सोडत. तिथे एका घरातून ताक यायचे. घराचे आडनाव त्यांना आठवेना. "पण ती माऊली दुसऱ्या वर्षी वाट बघायची," एवढे मात्र त्यांनी दोनदा सांगितले. परतीच्या वाटेवर आम्ही पुन्हा त्यांच्याकडे थांबलो. आता फोन येतात, मुलांच्या परीक्षांची चौकशी होते.

आज महामार्गावरची गाडी शिरवळ दोन मिनिटांत मागे टाकते. घाटातल्या बोगद्याने खंबाटकीचा धाक कमी केला, आणि ते चांगलेच झाले; त्या घाटातले अपघात आपल्यापैकी कोणी विसरलेले नाही. पण थांबायचे कारण गेले, तशी थांबण्यातून होणारी ओळखही गेली. कॅराव्हॅनवाले कुंपण घातलेल्या पार्कात उतरतील, पैसे भरतील, निघून जातील. त्यात गैर काही नाही. फक्त त्यात ताक देणारे घर नाही.

हा इतिहास किल्ल्यासारखा दगडांत उरलेला नाही. तो माणसांच्या बोलण्यात आहे, आणि ती माणसे ऐंशी-नव्वदीच्या घरात आहेत. म्हणून एक विनंती. ज्यांचे आईवडील, आजी-आजोबा अजून गावात आहेत, त्यांनी विचारावे: आपल्या दारात कोण उतरायचे? कुठल्या गावचे? कुठल्या यात्रेला निघालेले? पुढे येणे-जाणे राहिले का? दोन ओळी लिहून वर्गाच्या ग्रुपवर टाका. मी ते सगळे एकत्र करून गाववार यादी करीन. ते काम मला जमते. कोणास ठाऊक, त्या ताकाच्या घराचे आडनाव आपल्याच हजेरीपटावर सापडेल. सापडले, तर पेठनाक्याच्या अलीकडे राहणाऱ्या एका आजोबांना ते मला कळवायचे आहे.